पॅटर्न आणि स्टॅम्पिंगच्या प्रिंट्सचा ढीग झालाय, लावून कसं ठेवता?

झिरमिळी (नाशिक)

नमस्कार मंडळी, माझ्याकडे कागदकामाच्या प्रिंट्सचा एवढा पसारा झालाय की हवं ते पान शोधण्यापेक्षा परत डाउनलोड करून परत प्रिंट काढणं सोपं पडतं, आणि मग एकाच पिलो बॉक्सच्या चार-चार कॉप्या घरात फिरत असतात. म्हणून विचारते, तुम्ही लोक हे सगळं कसं ठेवता?

काय काय आहे ते सांगते. एक म्हणजे पॅटर्न. आकाशकंदिलाचे, गिफ्ट बॉक्सचे, पॉप-अप कार्डांचे, आणि लेकासाठी काढलेली प्राण्यांची, गाड्यांची थ्रीडी मॉडेल्स, यातली काही एका पानात संपतात तर काही आठ-दहा पानांची. दुसरं स्टॅम्पिंगच्या टेक्निकची पानं, म्हणजे क्लासमधल्या झेरॉक्स, व्हिडिओ बघता बघता खरडलेलं, कुठून कुठून प्रिंट केलेलं. आणि तिसरं म्हणजे कार्डशीटचे कापलेले साचे, ते तर कुठल्याच फायलीत मावत नाहीत.

आत्तापर्यंत सणवार फायली होत्या, राखी, दिवाळी, वाढदिवस अशा. पण तोच बॉक्स राखीलाही चालतो नि दिवाळीलाही, मग तो टाकायचा कुठे. त्यात भर म्हणजे पारदर्शक पाकिटांत घातलेली काही पानं पाकिटालाच चिकटलीयत, ओढलं की अक्षरं प्लॅस्टिकवर आणि कागद कोरा. हे कशामुळे होतं, पाकिटं वाईट की प्रिंट? बजेट फार नाही, दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत मार्गी लावायचंय.

घडीमोड (पुणे)

चिकटण्याचं आधी सांगतो. ती पाकिटं पीव्हीसीची असणार. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर घालतात ते हळूहळू बाहेर येतं, आणि झेरॉक्सचा किंवा लेझर प्रिंटरचा टोनर म्हणजे मुळात प्लॅस्टिकचीच बारीक भुकटी, ती त्याने मऊ पडते आणि पाकिटाला धरते. उन्हाळ्यात फायली एकावर एक दाबून ठेवल्या की अजून लवकर. इंकजेटचं असं होत नाही, पण त्याची शाई बहुतेक वेळा पाण्यात विरघळणारी, ती पावसाळ्यात पसरते, ते दुखणं वेगळं.

पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घ्या. कुठेतरी पीपी लिहिलेलं असतं किंवा त्रिकोणात ५ आकडा असतो, पीव्हीसीला ३. काहीच लिहिलेलं नसेल तर हातात घेऊन बघा, पीव्हीसी लिबलिबीत असतं आणि त्याला नव्या रेक्झिनचा वास येतो, पीपी जरा धुरकट आणि हलवलं की चुरचुर वाजतं. अप्पा बळवंत चौकात दोन्ही शेजारीशेजारी मिळतात आणि दुकानदार दोन्हीला शीट प्रोटेक्टरच म्हणतो, तेव्हा विचारून घ्या. जी चिकटलीयत ती ओढू नका, पाकीट कापून तसंच वरून स्कॅन करा, जेवढं वाचेल तेवढं वाचेल.

आता मॉडेल्स. माझं मुख्य काम तेच आहे त्यामुळे जरा लांबण लागेल. मॉडेलची पानं आणि त्याची कृती कधीही वेगळी ठेवू नका. कॅननच्या क्रिएटिव्ह पार्क या साइटवरून घेतलं असेल तर पॅटर्नची पीडीएफ वेगळी आणि जोडणीची वेगळी असते, लोक पॅटर्न प्रिंट करतात आणि कृती मोबाइलवर बघू म्हणून सोडून देतात. पण रेघांचा अर्थ कृतीच्या पानावर असतो ना. ओरिगामीत योशिझावा या जपानी ओरिगामीकारांच्या पद्धतीनं तुटक रेघ म्हणजे दरी, म्हणजे घडी आत, आणि रेघ-टिंब रेघ-टिंब म्हणजे डोंगर. पेपरक्राफ्टच्या बऱ्याच शीट्सवर बरोब्बर उलटं असतं, टिंबटिंब किंवा तुटक म्हणजे डोंगर आणि रेघ-टिंब म्हणजे दरी. वर्षभराने नुसता पॅटर्न हातात आला तर कळणार नाही कुठलं गाव कुठे आहे, आणि निम्मं मॉडेल उलटं वळवल्यावर कार्डशीट परत सरळ होत नाही. मी प्रत्येक पॅटर्नच्या पहिल्या पानावर कोपऱ्यात लाल पेनाने दोन रेघा काढतो, एकीपुढे डों, एकीपुढे द. बास.

एक मॉडेल एक पाकीट. बटणवाली ए-फोर फोल्डर मिळतात ना, त्यात पॅटर्न, कृती आणि अर्धवट कापलेले भाग छोट्या झिप पाउचमध्ये. वर चिठ्ठी, पानं किती, कागद किती जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे जाडीचा अंदाज). गाड्या-प्राण्यांना १६० ते २०० जीएसएम बरा पडतो, त्याहून जाड घेतला की बारीक वळणं फुटतात.

आणि उरलेला कागद किती जीएसएमचा आहे ते आठवत नसेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. ए-फोरची १६ पानं मिळून एक चौरस मीटर होतो, त्यामुळे १६ पानांचं ग्रॅममध्ये जे वजन तोच जीएसएम. ८ पानं असतील तर दुप्पट करा. माझ्याकडे सगळ्या गठ्ठ्यांवर पेन्सिलीने आकडा आहे, दुकानात 'जाड द्या' म्हणून जे मिळतं त्यावर विश्वास नाही.

ठसठशीत (ठाणे)

स्टॅम्पिंगवर मी बोलते. झिरमिळी ताई, टेक्निकच्या नावाने फायली लावल्या तर कधीच सापडणार नाही, कारण एकाच गोष्टीला दहा जण दहा नावं देतात. मी शाईनुसार लावते. टेबलावर बसल्यावर आपल्याला पहिला प्रश्न काय पडतो, तर ही शाई वर रंगवलं की फुटेल का. अल्कोहोल मार्करने रंगवणार असू तर मेमेंटोसारखी डाय इंक चालते, जलरंग फिरवणार असू तर पाण्याला न हलणारी हवी, आर्काइव्हल वगैरे, आणि एम्बॉसिंग (ओल्या ठशावर पावडर टाकून ती तापवून उठाव आणणं) करायचं तर हळू सुकणारी, व्हर्सामार्क किंवा पिगमेंट. म्हणून माझ्या रिंग फायलीत चार इंडेक्स आहेत. पावडरवालं, मार्करवालं, पाणीवालं, आणि चौथं जे शाईच्या खेळावर चालतं ते, म्हणजे रॉक अँड रोल (ठशाच्या कडा दुसऱ्या गडद शाईत फिरवणं), किसिंग (एका ठशावर दुसरा ठसा टेकवून नक्षी उमटवणं), सेकंड जनरेशन (खाली सांगते), ब्लेंडिंग.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कृतीच्या पानाला नमुना हवा. स्वतः ठसा मारलेला, त्याच कागदावर. ए-फोर आडवा अर्धा दुमडायचा, डावीकडे नमुना चिकटवायचा आणि उजवीकडे आपल्या भाषेत चार-पाच ओळी. क्लासच्या झेरॉक्सवर जे लिहिलेलं असतं ते शिकवणाऱ्या बाईंच्या शाईचं आणि त्यांच्या कागदाचं असतं, आपल्या घरी तसं होत नाही, विशेषतः जुलै-ऑगस्टात. माझं एम्बॉसिंगचं पान जसंच्या तसं उतरवते, गन म्हणजे हीट गन:

'कार्ड आधी गनने कोमट कर (पावसाळा!!). टाल्कची पुरचुंडी फिरव. ठसा. पावडर भरपूर ओत, झटक, मागून टिचकी. सांडलेली पावडर परत डबीत. गन आधी हवेत तापव मग कागदाजवळ आण. खालून गरम कर. चकाकी आली की पुढे सरक, थांबू नको, थांबलीस की पावडर कागदात मुरते आणि तेलकट दिसते. हेअर ड्रायर नाही चालत, पावडर उडवतो फक्त.'

एवढंच. खाली शाई, पावडर, कागद आणि ठशाचं नाव. बाजूला चांगला नमुना आणि त्याच्याच खाली जास्त तापवलेला, त्यावर 'असं नको' लिहिलेलं. मला तर बिघडलेला नमुना जास्त उपयोगी पडतो, कारण समोर जे झालंय ते कशामुळे झालंय ते लगेच कळतं.

सेकंड जनरेशनसाठी तर नमुन्याशिवाय लिहूच नका. पहिला ठसा रद्दी कागदावर मारायचा आणि परत शाई न लावता दुसरा कार्डावर, म्हणजे फिका येतो. आता किती फिका येतो ते शाईशाईवर आहे, काहींचा तिसराही छान येतो, काहींचा दुसराच मेलेला. एका पट्टीवर एक-दोन-तीन असे ओळीने मारून ठेवा, शब्दांत ते लिहिताच येत नाही.

ठशांची वेगळी वही करा हेही सांगून ठेवते. प्रत्येक सेट काळ्या शाईत एकदा छापून पानाला नंबर द्यायचा आणि तोच नंबर सेटच्या पाकिटावर. क्लिअर स्टॅम्प उन्हात ठेवू नका, पिवळे पडतात.

एक_पान_कमी

मला कळत नाही २१व्या शतकात एवढी पाकिटं नि फायली कशाला. सगळं मोबाइलने स्कॅन करा, ड्राइव्हवर फोल्डर करा, नावं नीट द्या, सर्च मारला की दोन सेकंदांत हजर. कागद रद्दीत. माझ्याकडे एकही प्रिंट नाहीये आणि काहीही अडत नाही.

काकू_कात्रीवाल्या (डोंबिवली)

अरे बाळा, कृती मोबाइलवर चालेल, मी कधी नाही म्हटलं. पण पॅटर्न मोबाइलने काढलास की त्याचं माप गेलं. फोन जरा तिरका धरला की चौकोनाचा पतंग होतो, अॅप सरळ करून देतं म्हणतात पण ते दिसायला सरळ, मापाला नाही. बॉक्सचं झाकण २ मिमीने लहान आलं की बसतच नाही मग काय सर्च मारणार. पॅटर्न स्कॅन करायचाच तर सपाट काचेच्या स्कॅनरवर, ३०० डीपीआय, आणि पानावर आधी १० सेंमीची रेघ पट्टीने आखून. प्रिंट काढली की पहिल्यांदा ती रेघ मोजायची, १० भरली तर कात्री हातात घ्यायची.

आता झिरमिळी, तुला सांगते गं. पॅटर्न दोन प्रकारचे ठेव, मूळ आणि वापरायचा. मूळ पान म्हणजे मूळ, त्याला कात्री लावायची नाही, त्यावर गिरवायचं नाही, घरच्या कुणाला द्यायचं नाही. ते एका बॉक्स फायलीत आणि ती फाइल कपाटात वर. वापरायचा म्हणजे झेरॉक्स किंवा साचा, तो खाली हाताशी. शंभर वेळा झेरॉक्सची झेरॉक्स काढली की रेघा जाड होतात आणि माप सरकतं, नेहमी मुळावरून काढ. आम्ही शाळेत हस्तकला शिकवायचो तेव्हापासून हाच नियम आहे.

लावायचं कशावरून म्हणशील तर सणावरून नको, तुझं तूच बघितलंस की. आकारावरून लाव. बॉक्स सगळे एकत्र, त्यात तळ चौकोनी, तळ षटकोनी, तळ नसलेले (तुझा पिलो बॉक्स). कार्डं एकत्र, त्यात ९० अंशात उघडणारी वेगळी आणि १८० अंशात उघडणारी वेगळी, कारण त्यांची घडीच वेगळी. कंदील एकत्र. सण हा सजावटीचा भाग आहे, बॉक्सला काय माहीत तो राखीचा का दिवाळीचा. प्रत्येकाला नंबर दे, ब-१, ब-२, का-१ असं, आणि फायलीच्या पहिल्या पानावर यादी. सण लिहायचाच असेल तर त्या यादीत समोर लिही, एकापुढे दोन सण लिहिता येतात.

कंदिलाचे साचे फायलीत घालायच्या नादाला लागू नकोस. पँटचे क्लिपवाले हँगर असतात ना, त्याला लाव आणि दाराच्या मागे खुंटीला टांग. एका कंदिलाचे सगळे भाग एका हँगरला, म्हणजे पाकळी, करंजी, वरची पट्टी, खालची पट्टी, प्रत्येकावर 'किती कापायचे' लिहिलेलं. करंजीवर २४ लिहिलं नसेल तर २० कापून उठतो आपण आणि मग त्याच रंगाचा कागद संपलेला असतो. साचे कार्डशीटचे नको करूस, कडा झिजतात आणि माप कमी होत जातं. जुन्या प्लॅस्टिकच्या फायलीची पाठ घे नाहीतर एक्सरेची जुनी फिल्म, कात्रीने कापते, पुसता येते, वाकत नाही.

आणि खळीने चिकटवलेलं काहीही कागदाच्या फायलीत ठेवू नकोस, कसर लागते. वेखंडाचा तुकडा टाक हवं तर. डांबराच्या गोळ्यांचा वास कार्डांना बसतो आणि गिऱ्हाइकाला कार्ड उघडल्या उघडल्या येतो.

एक_पान_कमी

काकू, ओके, मापाचं पटलं. मी कार्डच करतो आणि कटिंग मशीनवर कापतो म्हणून फाइल मूळचीच असते, स्कॅनची वेळच येत नाही. पण टेक्निकच्या पानांना तरी फोटो बेस्ट हे म्हणणं कायम आहे, नमुन्यासकट फोटो काढायचा.

ठसठशीत (ठाणे)

फोटोत रंग खरा येत नाही. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत माझ्या दोन वेगळ्या निळ्या शाया सेम दिसतात. आणि एम्बॉसिंग फोटोत कळत नाही, त्यावर बोट फिरवायला लागतं. बॅकअप म्हणून काढ ना, कोण नाही म्हणतंय.

न्यूजर्सीकर

इकडून एक मुद्दा, बाकी कुणाला सुचला नसेल म्हणून. इंटरनेटवरचे खूप पॅटर्न अमेरिकन लेटर साइझला बनवलेले असतात, २१६ बाय २७९ मिमी, आणि तुमचा ए-फोर २१० बाय २९७. म्हणजे लेटर रुंदीला जास्त आणि उंचीला कमी. प्रिंट करताना 'फिट टू पेज' वर राहिलं तर पान कमीत कमी ३ टक्के आकसतं, समास धरले तर अजून थोडं. आता २० सेंमीच्या भागात ३ टक्के म्हणजे ६ मिमी. सगळी पानं सारखीच आकसली तर मॉडेल लहान होईल, बिघडणार नाही. पण पहिली चार पानं आज 'फिट'वर काढली आणि उरलेली महिन्याने 'अॅक्च्युअल साइझ'वर, की कान खाचेत बसणारच नाहीत. मी भारतातून आणलेल्या ए-फोरच्या पॅटर्नवर इथे उलटा त्रास होतो, खालची पट्टी कापली जाते. त्यामुळे प्रिंट काढल्यावर कोपऱ्यात '१००%' किंवा 'फिट' असं लिहूनच ठेवा आणि मूळ पान लेटर का ए-फोर तेही.

दुसरं, तुम्ही ऑर्डरी घेता म्हणालात. स्टॅम्प कंपन्यांची एंजल पॉलिसी असते, म्हणजे त्यांच्या ठशाने हाताने छापलेली कार्डं विकायला बऱ्याच जणी परवानगी देतात पण तोच ठसा स्कॅन करून छापून विकायला नाही. काही संख्या ठरवतात, काही कंपनीचं नाव मागे छापा म्हणतात. फुकट पॅटर्नवर तर बहुतेक वेळा 'पर्सनल यूज' लिहिलेलं असतं. ते सगळं नंतर शोधायला गेलं की ती साइटच बंद झालेली असते. डाउनलोड करतानाच ती अट पानाच्या मागे लिहा आणि पाकिटाला रंगीत टिकली लावा, हिरवी म्हणजे विकायला चालतं, लाल म्हणजे फक्त घरी.

घडीमोड (पुणे)

हे टिकलीचं भारी आहे, उचललं. माझ्याकडे पीडीएफच्या नावात लिहितो मी ते, पण कागदावर काहीच नव्हतं.

काकू, एक्सरेच्या फिल्मवर एक जोड, त्यावर पेनने लिहिलेलं पुसलं जातं, सीडी मार्करने लिहायचं. आणि आजकाल एक्सरे पण कागदावर किंवा मोबाइलवर देतात हो, फिल्म मिळणं मुश्किल. ओएचपी शीट (प्रोजेक्टरच्या पारदर्शक शीट) मिळतात अजून, थोड्या पातळ आहेत पण छोट्या साच्यांना चालतात, आरपार दिसतं त्यामुळे छापील कागदावर नक्षी नेमकी मधोमध धरता येते.

झिरमिळी (नाशिक)

अगं बाई, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, सगळ्यांना खूप थँक्यू. काकू, आकारावरून लावायचं ते एकदम डोक्यात बसलं, आज बॉक्स तेवढे वेगळे काढले तर निम्मा ढीग संपला कारण बऱ्याच त्याच त्याच कॉप्या होत्या. घडीमोड दादा, पाकिटं पीव्हीसीचीच निघाली, त्रिकोणात ३. १६ पानांचं वजनही करून बघितलं, २५० म्हणून घेतलेला गठ्ठा २२० भरला, आता दुकानात जाऊन विचारते.

ठसठशीत, तुझ्यासाठी प्रश्न. माझ्याकडे लाकडी ठसे आहेत, कापडावर छपाईचे, बाजारातून घेतलेले, त्यांची पानं या चार इंडेक्समध्ये कुठे टाकायची? ते इंक पॅडवर नीट उठतच नाहीत. आणि काकू, पॉप-अपमध्ये एक कार्ड आहे जे १८० ला उघडतं पण आतला एक भाग ९० ला उभा राहतो, ते कुठे?

ठसठशीत (ठाणे)

लाकडी ठशांना पाचवा इंडेक्स कर. ते इंक पॅडचे नाहीतच, त्यांना रंग लागतो. अॅक्रिलिक रंग पातळ स्पंजवर पसरायचा आणि ठसा त्यावर टिपायचा, दाबायचा नाही, दाबला की खाचांत रंग भरतो. खाली कागदाच्या पाच-सहा घड्या किंवा फोमची शीट ठेव, लाकूड कडक असतं त्यामुळे कडक टेबलावर मधला भाग उठत नाही. झालं की लगेच जुन्या टूथब्रशने धुवायचा, अॅक्रिलिक सुकलं की खाचेतून निघत नाही, पण भिजत ठेवायचा नाही, तडा जातो. नमुन्याच्या पानावर रंगात पाणी किती घातलं तेवढं लिही, बाकी सगळं हाताच्या सवयीवर आहे.

काकू_कात्रीवाल्या (डोंबिवली)

१८० मध्ये टाक. कार्ड किती उघडतं ते बघायचं, आत काय उभं राहतं ते नाही. आणि यादीत पुढे 'आत ९०' असं लिहून ठेव म्हणजे झालं. त्या २२०च्या गठ्ठ्याचं दुकानदार काय म्हणाला तेही कळव, मलाही तसलाच कागद घ्यायचाय.